दोन दाखले

मेट्रनबाईंच्या टेबलावर रुद्राणीचे दोन दाखले शेजारी शेजारी पडले होते आणि एकमेकांना खोटं पाडत होते. शाळेचा दाखला म्हणत होता, जन्म त्रेचाळीसचा. तहसील कचेरीत खेटे घालून काढलेला जन्मनोंदीचा उतारा म्हणत होता, पंचेचाळीसचा. चालू साल चौऱ्याहत्तर. विधवा उमेदवाराला वयाची अट तिशीपर्यंतची. म्हणजे एका कागदानं ती आत होती आणि दुसऱ्यानं बाहेर.

अर्ज नर्सिंगच्या दोन कोर्सना करता येत होता. एक इथला, सोलापुरातल्या या मोठ्या दवाखान्यातला, तीन वर्षांचा. त्याला मॅट्रिक लागतं. पण पुढं शहरातच स्टाफ नर्सची नोकरी, राहायला खोली आणि दहा वर्षांची पोर जवळ. दुसरा दीड वर्षाचा, सातवी पास झालं की पुरे. मग जिल्ह्यातल्या कुठल्या तरी खेड्यात एकटीनं बाळंतपणं करत हिंडायचं. पोर कुठं ठेवायची, ते तुमचं तुम्ही बघा. मिलच्या रीळ खात्यात दिवसभर उभी राहून रुद्राणीच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या झाल्या होत्या. तसल्या पायांनी घरी येऊन, डोळ्यांवर पाणी मारून ती पुस्तक घेऊन बसली होती आणि तिसऱ्या खेपेला का होईना, मॅट्रिक झाली होती. ते काय सातवीवाल्यांच्या रांगेत उभं राहायला? छे! तिचं ठरलं होतं. इथंच.

"उताऱ्यावर मुलीचं नावच नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "नुसतं 'मुलगी, बापाचं नाव गुरप्पा' एवढंच. ती तूच कशावरून? थोरली, धाकटी, कुणीही असेल."

"मी एकटीच हाय, बाई. हे माझे अप्पा आलेत की. पालकाची सही लागते म्हणून आणलंय."

पदरात पोर असलेल्या बाईला पालक! पण नियम म्हणजे नियम. गुरप्पा दाराबाहेर चपला काढून, कपाळावर विभूती लावून, अंग चोरून उभा होता. एसटीतून उतरल्यापासून रुद्राणीनं त्याला तीनदा बजावलं होतं, "अप्पा, कुणी विचारलं तर माझं खरं वय सांगायचं. एकोणतीस." तिन्ही वेळा त्यानं मान डोलावली होती.

मेट्रनबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि त्याला जवळ बोलावलं. "या बाबा. तुम्ही सांगाल ते लिहून घेते. तुमची सही झाली की हा उतारा धरता येईल. पण नीट आठवून सांगा हं, खोटं निघालं तर गुन्हा होतो. मुलीचं लग्न कोणत्या साली केलंत? तेव्हा तिचं वय काय होतं?"

लग्न! गुन्हा! आणि शेजारी कारकून पेन उचलून बसलेला. गुरप्पाच्या तोंडचं पाणीच पळालं. सोळा वर्षं तो याच प्रश्नाची वाट बघत जगला होता. तेरा वर्षांची पोर बोहल्यावर चढवायची आणि कायद्याची अट पंधराची, म्हणून मास्तरला धोतरजोडी देऊन त्यानं शाळेच्या दाखल्यात वय वाढवून घेतलं होतं. आज ना उद्या सरकारचं माणूस येऊन विचारणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"पंधरा पुरी, बाई," तो घाईघाईनं म्हणाला. "अठ्ठावनला लगीन. पंधरा पुरी हुती. शाळेचा दाखला हाय की! त्योच खरा. ह्यो दुसरा कागद कुटला, मला ठाव न्हाई."

"अप्पा!" रुद्राणी ओरडली.

"तू गप. तुला काय कळतंय?"

मेट्रनबाईंनी पुन्हा विचारलं. गुरप्पानं पुन्हा तेच सांगितलं, या खेपेला जरा छाती काढून. कारकुनानं लिहून घेतलं. "बाई, ते घाबरलेत हो," रुद्राणी काकुळतीला आली. "लगीन म्हटल्यावर घाबरलेत. उतारा खरा हाय, शपथ घेते."

"मी बापाचं ऐकू की तुझं?" मेट्रनबाईंनी उताऱ्याची घडी घालून तिच्या हातात दिली. "शेजारच्या खोलीत जा. दीड वर्षाच्या कोर्सला पस्तिशीपर्यंत घेतात. आज शेवटचा दिवस आहे."

शेजारच्या खोलीत तिचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट कुणी उलगडूनसुद्धा पाहिलं नाही. खेड्यात राहायची तयारी आहे का? आहे. मूल? एक मुलगी. "तिची कुठं तरी सोय लावून या." रुद्राणी बरं म्हणाली. कालच मिलचा राजीनामा देऊन आलेली बाई दुसरं काय म्हणणार? गुरप्पानं पालक म्हणून सही केली, एकेक अक्षर कोरून.

व्हरांड्यात येऊन त्यानं चपला घातल्या. जिवावरचं टळलं म्हणून माणूस अगदी मोकळा झाला होता.

"बघितलंस न्हवं, रुद्रव्वा? सोळा वर्सं झाली, पर माजी जीभ एकदा बी घसरली न्हाई. त्या बाईनं दोनदा खोदून विचारलं, तरी न्हाई."

रुद्राणीच्या अंगाचा नुसता जाळ झाला होता. रडू येत नव्हतं, तेवढं तरी यायला हवं होतं.

"तेरा वर्षांची होते मी, अप्पा," ती म्हणाली. मग सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात, "तेरा वर्षांची होते मी!"

गुरप्पानं दचकून चहूकडं पाहिलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल," तो म्हणाला. "सरकारी जागा हाय. कुनी ऐकंल."