साडूच्या गाडीचा ब्रेक

घमेल्यात चार ब्रेक शू होते, मूठभर स्प्रिंगा होत्या आणि त्यातलं काय कुठे बसतं ते जानरावांना मुळीच आठवत नव्हतं.

आठवायची गरजच पडणार नव्हती खरं तर. फिएटची मागची दोन्ही चाकं काढून, ड्रम उतरवून, एकेक वस्तू त्यांनी पोर्चमध्ये वर्तमानपत्रावर ओळीनं मांडली होती. डावीकडची डावीकडे, उजवीकडची उजवीकडे. नवे लायनर आणायला ते बाजारात गेले आणि तेवढ्यात पार्वताबाईंनी पोर्च झाडला. झाडला तो झाडला, वर सगळं सामान एका घमेल्यात गोळा करून साबणाच्या पाण्यानं धुऊनही ठेवलं.

"किती कळकट होतं सारं," त्या म्हणाल्या. "आता पाहा कसं चकाचक झालं."

जानरावांनी कपाळाला हात लावला. रविवारी बडनेऱ्याला पार्वताबाईंच्या भावाच्या लेकीचं, दामिनीचं लग्न. सासरी जाईन तर तुमच्या फिएटमधूनच, असं पोरीनं स्वतः फोन करून सांगितलेलं. आणि त्या फिएटला आता ब्रेकच नव्हते.

त्यांनी खटपट पुष्कळ केली. लांब लायनरचा शू पुढे की मागे? जाड स्प्रिंग वर की खाली? मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस समजावत होता तो ब्रेक भलत्याच गाडीचा. जन्मभर ही गाडी सांभाळणारे गयासुद्दीन मिस्त्री नेमके मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला गेलेले. बाकी गॅरेजवाल्या पोरांनी फिएट पाहिली होती ती फक्त आजोबांच्या लग्नाच्या फोटोत.

"अकोल्याले जा ना मंग," पार्वताबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "श्रावणरावाची गाडी अश्शीच हाये. एक चाक खोलून पाहा अन् या परत."

"त्या मानसाच्या दारात? मी?"

श्रावणराव म्हणजे जानरावांचे साडू, पार्वताबाईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. जानरावांनी फिएट घेतली आणि महिन्याभरात यांनीही घेतली, रंगसुद्धा तोच. तिथवर ठीक होतं. पण एका साखरपुड्यात भर पंगतीत श्रावणराव म्हणाले, "जानरावची गाडी ब्रेकनं नाही थांबत, दमली का थांबते." सगळी पंगत खो खो हसली. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून जानरावांनी अकोल्याची वाट धरली नव्हती. आणि आता जायचं ते नेमकं ब्रेकसाठी!

पण मानापेक्षा पोरीला दिलेला शब्द मोठा. गुरुवारी सकाळी लिंबाच्या लोणच्याची बरणी पिशवीत घालून ते अमरावतीहून एसटीत बसले. मेव्हणीला लोणचं द्यायला आलो, असं सांगायचं ठरवलं.

दार श्रावणरावांनीच उघडलं. त्यांनी आधी जानरावांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे.

"गाडी नाही आनली?"

"एसटीनं आलो."

श्रावणरावांचं तोंड उतरलं. जानराव मनात म्हणाले, झाला सुरू टोमणा! पण पुढचं आदरातिथ्य मात्र भलतंच निघालं. पोहे झाले, त्यावर चहा झाला, चहावर परत चहा झाला.

"गाडी कशी हाये तुमची?" श्रावणरावांनी विचारलं.

"फस्ट क्लास. तुमची?"

"लोण्यावानी चालते."

"पाहू तरी एकदा."

"ऊन लय हाये. आधी जेवून घ्या." श्रावणराव घाईघाईनं म्हणाले. "मीच येनार होतो उद्या अमरावतीले."

"काहून?"

"असंच. तुमची तब्येत पाहाले."

चार वर्षांत एक फोन नाही आणि आता म्हणे तब्येत! याला सगळं कळलंय आणि हा आपल्याला खेळवतोय, अशी जानरावांची खात्रीच पटली. मेव्हणीनं, मनकर्णाबाईंनी गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. शेवटी जानरावांनी ताट बाजूला सारलं.

"श्रावणराव, हासाचं त हासून घ्या. मी ब्रेक खोलले अन् आता मले बसवता येऊन नाही राहिले. तुमचं एक चाक दाखवा. पोरगी रविवारी माह्या गाडीत बसनार हाये."

बोलून टाकल्यावर त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त हलकं वाटलं.

श्रावणराव हसले नाहीत.

"कोनाच्या गाडीत?"

"माह्या. दामिनीनंच सांगतलं."

"मलेबी तिनंच सांगतलं," श्रावणराव पुटपुटले. हात धुऊन ते जानरावांना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले.

फिएट विटांवर उभी होती. मागची चाकं नव्हती, ड्रम नव्हते. शेजारी एक घमेलं. त्यात चार शू आणि मूठभर स्प्रिंगा, घासून लख्ख केलेल्या.

"ओळीनं मांडलं होतं सारं," श्रावणराव म्हणाले. "हिनं शेड झाडली. मले वाटलं, तुमी आले त गाडीनंच आले असान, तुमचं चाक पाहून घेऊ."

जानराव घमेल्याकडे बघतच राहिले. मग त्यांना हसू फुटलं, ते पाहून श्रावणरावांनाही. एकमेकांच्या खांद्याला धरून दोघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. चार वर्षांचा राग केव्हा आणि कुठे गेला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"दोघी बहिनी सारख्याच," जानराव डोळे पुसत म्हणाले. "हातात झाडू आला का काहीच पाहत नाहीत."

"मंग आता बसवाचं कसं?"

"बसवू ना. दोघं हाओत की."

घमेल्याशी मांडी घालून बसल्या बसल्या लांब लायनर पुढे की मागे यावरून त्यांची जुंपलीसुद्धा.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनकर्णाबाईंनी ते पाहिलं, दार लोटून घेतलं आणि अमरावतीला फोन लावला.

"अक्का, जमलं व! दामिनीलेबी सांग. बसले दोघंबी घमेल्याजवळ. झाडू माराच्या आधी आपन त्या मांडलेल्या सामानाचे फोटो काढले, ते आताच नोको धाडू, संध्याकाळलोक बसू दे त्याईले."