पहिला प्रश्न

उघडं फाटक दिसताच हेमांगी घराबाहेर धावली. तिची चौदा वर्षांची ओवी अंगणात नव्हती. तिने स्वमग्न मुलांच्या पालकगटातल्या दमयंतीताईंना फोन लावला.

"जवळ पाणी कुठे आहे?" ताईंनी पहिलं तेच विचारलं.

"मागे दगडाची खाण आहे, पण ताई, रस्त्यावर गाड्या..."

"रस्ते आपली माणसं बघतील. मी सगळ्यांना कळवते. तू खाणीकडे पळ. आणि ओरडू नकोस, दचकून ती पुढे जाईल."

ओवी खाणीतल्या हिरव्या पाण्यात छातीपर्यंत उतरली होती आणि आणखी पुढे सरकत होती. हेमांगीने किंकाळी घशातच दाबली. ओवीचं आवडतं गाणं गुणगुणत ती हळूच पाण्यात शिरली आणि लेकीचं मनगट घट्ट धरलं.

दोघी काठाला लागल्या तेव्हा गटातले पालक धावत येत होते. कुणीतरी ओवीला टॉवेलात गुंडाळलं. दमयंतीताई मात्र लांबच थांबल्या होत्या, पाण्याकडे पाठ करून.

"ती पाण्याकडेच गेली असेल, हे तुम्हाला कसं कळलं?" हेमांगीने विचारलं.

"माझ्या नंदूच्या वेळी," ताई म्हणाल्या, "मी दिवसभर रस्तेच शोधत होते."