बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

खिडकी पुन्हा उघडी होती. चांगली वीतभर.

रुक्मिणीने ती खाडकन सरकवून बंद केली. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. लेक प्रांजल बाळंत होऊन आज तेरावा दिवस, तिच्या मांडीवर नुकतं न्हाऊ घातलेलं बाळ, डिसेंबरातली सकाळ, आणि ह्या माणसाला खिडकी उघडी हवी! चारकोपच्या तिसऱ्या मजल्यावर वारा काय विचारून आत येतो?

हा माणूस म्हणजे तिचा नवरा, धोंडू. उभा जन्म कारखान्यांतून बॉयलर सांभाळण्यात गेला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी चहाच्या आधणाकडेही तो संशयाने बघायचा. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायला रुक्मिणीने बोरिवलीहून लोखंडी शेगडी आणली, सोबत दोन किलो कोळसा आणला, आणि तिथून ह्याचं सुरू झालं. शेगडी खोलीत पेटवायची नाही. गॅलरीत पेटवायची, कोळसा पुरता लाल झाला, धूर संपला, की मगच आत आणायची. तीही फरशीवर ठेवायची नाही. आधी घमेल्यात वाळू, वाळूवर विटा, विटांवर शेगडी. पलंगापासून तीन हात लांब. पडदे काढून टाका, पदर खोचा, पाण्याची बादली जवळ ठेवा. शेगडी आत असेपर्यंत कुणी डोळा मिटायचा नाही, आणि अर्ध्या तासाने ती बाहेर गेलीच पाहिजे.

हे सगळं रुक्मिणीने दातओठ खात ऐकलं. वाळूसुद्धा तिनेच खालच्या बांधकामावरून मागून आणली. प्रांजलच्या वेळी ह्याच माणसाला अख्ख्या मुंबईत शेरभर कोळसा मिळाला नव्हता. रोज रिकाम्या हाताने यायचा आणि सांगायचा, ‘नाय गावलो.’ शेवटी बाळंतपण गरम पाण्याच्या पिशवीवर निभावलं. आता नातीच्या वेळी शहाणपण शिकवतोय.

बाकीचं तिने ऐकलं; शेगडी आता खोलीत विटांवर लाल फुलली होती. पण खिडकीचं ती ऐकणार नव्हती.

“आई, थोडी उघडी राहू दे ना,” प्रांजल पलंगावरून म्हणाली. “गुदमरायला होतंय.”

“तू गप रव. शेक घेताना असाच वाटता.”

धोंडूने खिडकीशी जाऊन काच दोन्ही हातांनी वर उचलली, खालच्या खाचेतून बाहेर काढली, सरळ हॉलमध्ये नेली आणि सोफ्यामागे उभी करून ठेवली. परत येऊन हात झटकले. आता बंद करायला काही उरलंच नाही.

रुक्मिणीचा तोल गेला.

“एक गेली ती पुरे नाय झाली? आता हिकापण वारो लावा!”

प्रांजलने बाळाला छातीशी ओढलं. ह्या घरात तो विषय कुणी काढत नसे.

अडतीस वर्षांपूर्वी, लालबागच्या चाळीत, रुक्मिणीची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली होती. दुपारी शेक झाल्यावर शेगडी बाजेखालीच राहिली, दारं-खिडक्या लावलेल्या होत्या, आणि मायलेकी झोपल्या. मध्येच रुक्मिणीला जाग आली. डोकं फुटेल असं ठणकत होतं, पोटात ढवळत होतं. ती भिंतीला धरत उठली, उशाकडची खिडकी थोडी उघडली आणि तशीच तिथे बसून राहिली. थोड्या वेळाने बाळाला घ्यायला गेली, तर बाळ हलत नव्हतं. सासूने उघडी खिडकी पाहिली आणि तिथेच निकाल दिला. वारा लागला. आईनेच लावला. पुढची वीस वर्षं, मरेपर्यंत, सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत राहिली. रुक्मिणीने कधी उलट उत्तर दिलं नाही. तिलाही ते खरंच वाटत होतं.

“वाऱ्यान नाय गेली ती,” धोंडू म्हणाला.

“मग कशान गेली?”

“शेगडीन.” तो तिच्याकडे न बघता बोलत होता. “बंद खोलीत कोळसो पेटलो की वायू होता. वास नाय, रंग नाय. माणूस झोपेतच जाता. तू खिडकी उघडलंस म्हणान तू तरी उरलंस.”

बाळाने एक जांभई दिली.

“तुमका ह्या कोणी सांगितला?”

“बॉयलरच्या परीक्षेक होता. पुस्तकात वाचलंय आणि घाम फुटलो माका.”

“कधी?”

“प्रांजल तुझ्या पोटात होती तेव्हा.” धोंडूचा आवाज खाली गेला. “कोळसो मिळत होतो तेव्हा. मीच आणूक नाय. सांगूचा धाडस नाय झाला. ती शेगडी माझ्या हातान बाजेखाली ठेवलेली.”

रुक्मिणी उभी होती ती पलंगाच्या कडेवर बसली. इतक्या वर्षांत तिने काय काय सोसलं ते तिला एकदम आठवलं असं नाही. तिला आठवली फक्त प्रांजलच्या बारशाची पंगत, भरल्या घरात सासूचा चढलेला आवाज, ‘हिका सांभाळ गो, पहिल्यासारखी घालव नको’, आणि खाली मान घालून ताटं वाढणारा हा नवरा. तेव्हा त्याला माहीत होतं.

तिने फडक्याने कडी धरून शेगडी उचलली, गॅलरीत नेली आणि वाळू टाकून विझवली. धोंडू बादली घेऊन मागे आला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं.

“ह्या तुमची आई जिती असताना, तिच्या तोंडावर सांगूक होया होता.”