वहिनीच्या तीन सूचना

मी विणलेले बाळांचे स्वेटर ऑनलाइन विकायला काढले, तेव्हा या धंद्यात मुरलेल्या माझ्या वहिनीने आपणहून तीन गोष्टी शिकवल्या. नवीन आहेस, तर भाव पडता ठेव. कुरिअरचा खर्च आपणच सोसायचा. आणि गिऱ्हाइकाने कितीही डोकं फिरवलं, तरी बोलायचं गोडच.

स्वेटर भराभर खपले. म्हणजे एकच दुकान डझनांनी मागवायचं. लोकर आणि कुरिअर वजा जाता माझ्या हाती काहीच लागत नव्हतं, पण वहिनी म्हणायची, “धीर धर, नाव होतंय तुझं.”

परवा शेजारणीच्या बाळाच्या अंगात माझा स्वेटर दिसला. आतल्या शिवणीला एक जादा बटण टाकून ठेवायची माझी सवय आहे, त्यावरून ओळखला. शेजारणीने तो ऑनलाइन घेतला होता, माझ्या तिप्पट भावाने. खोकं अजून दाराशीच पडलं होतं. त्यावर नाव त्याच दुकानाचं होतं, आणि माल परत पाठवायचा पत्ता माझ्या भावाच्या घराचा.

खोकं उचलून तशीच वहिनीकडे गेले. तिने ते पाहिलं आणि थंडपणे म्हणाली, “अगं, पण माल खपला ना तुझा? नाहीतर कपाटातच पडून राहिला असता.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिसरी सूचना आठवली. जमेल तितक्या गोड आवाजात मी म्हणाले, “मॅडम, तुमची दोन डझनांची नवी ऑर्डर रद्द केली आहे.”