वरची ओळ

दार उघडल्याबरोबर तिने त्याला ओळखलं. केस पिकले होते, गाल आत गेले होते, पण काहीतरी ऐकत असल्यासारखी मान तिरकी धरायची सवय तीच होती.

"बाबा आहेत?" गिटारकाकाने विचारलं.

नऊ वर्षांपूर्वी याच माणसाने तिच्या बाबांचा गळा कापला होता. आणि आज, छत्री विसरली म्हणून परत आल्यासारखा दारात उभा!

"बाहेर गेलेत. तपासणीला."

"त्यानेच यायला सांगितलंय मला."

धादांत खोटं. तरी तिने दार पूर्ण उघडलं. हा रस्त्यावर थांबून राहणार, बाबा येणार आणि त्यांना याचं तोंड पाहावं लागणार. त्यापेक्षा ते यायच्या आत आपणच काय तो निकाल लावलेला बरा.

ती त्याला मागच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत घेऊन गेली. भिंतींना जाड फोम होता. आतला आवाज बाहेर जात नसे.

कोपऱ्यात बाबांचा जुना माइक स्टँड उभा होता. लोखंडी, खाली ताटाएवढा जड गोल. बाबा स्वतः गाणी बांधायचे, स्वतःच गायचे, आणि हा स्टँड प्रत्येक कार्यक्रमात त्यांच्यापुढे असायचा. शेवटच्या वर्षी तर लोक इतके वेडे झाले होते की कडव्यातली वरची, उंच सुरातली ओळ आली की बाबा स्टँडसकट माइक लोकांकडे वळवायचे आणि अख्खं सभागृह ती ओळ गायचं. विंगेत उभ्या असलेल्या तिच्या अंगावर काटा यायचा. गिटारकाका बाबांच्या मागे अंधारात वाजवत असायचा. त्याच्याकडे कोण बघणार?

हेव्यापोटी केलं, असं सरकारी वकील म्हणाले होते. त्या दुपारी बाबांनी स्वतः तिकिटं आणून तिला आणि आईला सिनेमाला पाठवलं होतं. दोघी परत आल्या तेव्हा घरासमोर गर्दी होती. आत बाबा जमिनीवर, आणि त्यांच्या गळ्यावर टॉवेल दाबून काका हुंदके देत बसलेला. ॲम्ब्युलन्सही म्हणे त्यानेच बोलावली. आता आपण सुटत नाही हे कळल्यावर नाटकं सुचली, असं आई म्हणायची. वस्तरा घरातलाच, बाबांच्या दाढीचा. कोर्टात काका "मी केलं" एवढंच बोलला आणि पुढे त्याने तोंड उघडलं नाही.

सगळं शहर हळहळलं. हिरावलेला आवाज, असं पेपरांनी लिहिलं. बाबांना बोलायला नुसती घोगरी कुजबुज उरली. आईने हाय खाल्ली आणि दोन वर्षांत गेली. बाबा चाली बांधत राहिले, ती गात राहिली. लोक टाळ्या वाजवायचे आणि तिला मात्र आई आठवायची.

"हा अजून ठेवलाय?" काकाने स्टँडला हात लावला.

"हात काढा."

त्याने काढला. "तुझी गाणी तुरुंगात रेडिओवर लागायची. वरची ओळ किती सहज घेतेस गं. त्याच्यासारखी. म्हणजे त्याच्या चांगल्या दिवसांत तो घ्यायचा तशी."

"आणि ते चांगले दिवस कोणी संपवले?"

काका भिंतीच्या फोमवरून बोट फिरवत राहिला.

"का केलंत? एवढंच सांगा. त्यांनी काय वाईट केलं होतं तुमचं?"

"ते त्यालाच विचार."

तिचं डोकं फिरलं. तिने स्टँड उचलला आणि फिरवला. गोल त्याच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. तो गुडघ्यांवर पडला.

"बोल! माझी आई गेली तुझ्यामुळे. बोल!"

"अगं थांब, तो येईलच आता," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही पंजे काखेत दडवले. गिटार वाजवणारा माणूस मार खातानाही आधी बोटं वाचवतो. याला अजून वाजवायचंय! तेवढ्याने ती पेटली. दुसरा घाव कानशिलावर बसला. तिसऱ्याला कातडी फाटून रक्त फोमवर उडालं. त्याने एकदाही हात वर केला नाही. तो आडवा झाला तरी ती मारत राहिली, हातातून कळा येईपर्यंत. फोमने सगळा आवाज गिळला.

मग तिने खोलीचं दार ढकलून उघडलं आणि ती त्याच्या शेजारीच भिंतीला टेकून बसली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बाहेरचं दार वाजलं.

"चिमणे," बाबांची कुजबुज जवळ येत गेली, "अगं, तासभर उभा होतो तुरुंगाच्या फाटकाशी. मागच्या दाराने सोडला म्हणे त्याला. चुकामूक झाली. इकडे आला का?"

ते खोलीच्या दारात आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कोऱ्या गिटारची काळी पेटी. पेटी त्यांच्या हातातून सुटली.

"बाबा, तो परत आला होता. पण आता घाबरू नका. मी..."

बाबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते धडपडत खाली बसले, काकाचं डोकं मांडीवर घेतलं आणि शर्टाच्या टोकाने रक्त दाबायला लागले. रक्त थांबत नव्हतं. काकाचे पंजे अजून काखेतच होते. बाबांनी ते एकेक करून बाहेर काढले आणि आपल्या हातात धरले.

"आवाज तर माझा आधीच गेला होता, पोरी, फक्त ते लोकांना कळू द्यायचं नव्हतं," ते कुजबुजले. "हा नाही नाही म्हणत रडत होता. वस्तरा मी ठेवला याच्या हातात."