आ करा

एक्याण्णव साली तारापूरच्या महादू तांडेलाचा उजवा हात पक्षाघातानं लुळा पडला. तेव्हापासून त्याची बायको जमना शेजारी बसून, काटे काढलेलं पापलेट त्याला स्वतःच्या हातानं भरवत होती. सारा जन्म होडीत गेलेल्या माणसाला हे लाड नवे होते. त्यामुळे तीन महिन्यांनी बोटं हलू लागली, तरी पठ्ठ्यानं कुणाला पत्ता लागू दिला नाही.

मग बोईसरचे डॉक्टर तपासायला आले. "वस्तूपर्यंत हात पोचायच्या आधीच मेंदू बोटांना तयार करतो, अगदी माकडाचासुद्धा," त्यांनी जमनाला समजावलं. "पेला बघून बोटं गोल झाली, की समजा, हात सुधारतोय."

महादू कान देऊन ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर जमना जेवणाचं ताट घेऊन आली, तसा त्यानं हात झटकन पंच्याखाली लपवला.

"लपवता कशाला?" जमना हसू दाबत म्हणाली. "आठ दिस झाले, मासा बघितला की तुमच्या बोटांची चिमूट होते. मी काय आंधळी हाय?"



तिनं दाराला कडी घातली, त्याला खेटून बसली आणि घास उचलत म्हणाली, "डाक्टरला मी कायच सांगायची नाय. करा आ!"