शिवेपलीकडे

"ही जात ठेवण्यासारखी नाही," जीवन ट्रान्झिस्टरच्या जाळीला तोंड लावून म्हणाला. "पोळ्याला बैलाच्या पाया पडतात, त्याला पुरणपोळी चारतात, आणि सण सरला की त्याच बैलाला हाकायच्या तुतारीचं अणकुचीदार टोक खुपसतात. बाप जिवंत असताना त्याला शिळं वाढतात, मेल्यावर त्याच्या नावानं कावळ्याला खीर. आणखी काय सांगू?"

जाळीतून खरखर आली, मग नेहमीचा एकच शब्द. "ऐकलं."

सिहोऱ्याच्या बसस्टँडजवळ त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गाव त्याला नागपूरकडचा कुणी एकटा बापडा समजत होतं. समजेना का. जीवन हे नाव, दोन हात, दोन पाय, डोक्यावरचा भांग, सगळं इथं उतरताना अंगावर चढवलेलं. खरं घर आभाळापार, इतकं लांब की इथून त्याचा तारासुद्धा दिसत नाही. काम साधं होतं. माणूस नावाच्या प्राण्यात राहायचं, त्याला बघायचं, आणि तो ठेवायचा की धानावरच्या तुडतुड्यासारखा फवारून टाकायचा, ते कळवायचं. निकाल दिला की गाडी येणार, मग घर. आणि त्याला घरी जायचं होतं. इथल्या डासांना, चिखलाला, या माणसांच्या अखंड बडबडीला त्याचा जीव विटला होता.

पण निवड झाली होती ती त्याचीच. निघाला त्या दिवशी अख्खी वस्ती त्याला पोचवायला आली होती, म्हातारेकोतारे, पोरंबाळं, सगळी. एकेक जण जवळ येऊन आपलं दुखणं, आपलं वैर त्याला मोठमोठ्यानं ऐकवत होता. इतका मान त्यांच्यात कुणाला मिळाला नव्हता. आठवलं की अजून त्याची छाती फुगायची.

"जीवनभाऊ, उठले का नाही?"

घरमालकीण रत्नाबाई दारात उभी होती, हातात झाकलेलं ताट. "काल पोळ्याचं कायीच खाल्लं नाही तुम्ही. असं उपाशी काहून राहता जी?"

आल्या दिवसापासून ही बाई त्याला खाऊ घालत होती. त्यानं तेही वर कळवलं होतं: अनोळखी माणसाला वाढतात, भीतीपोटी. खाताना मात्र पोळी मागून घ्यायचा.

"चला, मारबत निघून राहिली. तुमच्याही दुकानातली इडापिडा जाऊ द्या."

"कोण मारबत, मावशी?"

"अजी, गवताची बाई. गावातलं सारं खराब तिच्या अंगावर टाकाचं अन् तिले शिवेबाहेर नेऊन सोडाचं. मंग वर्सभर सुख."

रस्त्यावर गाव लोटलं होतं. पुढे चौघांच्या खांद्यावर तणसाची ती बाई, फाटकं लुगडं नेसवलेली, तोंडाला काजळ फासलेली. मागून आरडाओरडा. खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत. डास-मच्छर घेऊन जाय गे मारबत. रत्नाबाईचा नवरा गोपीचंद शिरा ताणून ओरडत होता, "भावाची बेइमानी घेऊन जाय गे मारबत." त्याचा भाऊ ताराचंद पलीकडून तेच ओरडत होता, त्याहून वरच्या आवाजात. शेताच्या धुऱ्यावरून, वीतभर बांधावरून, दोघांचं बोलणं कधीच तुटलं होतं. जीवनला हसू आवरेना. वेड्यांच्या बाजारात आपण एकटे शहाणे, असं त्याला वाटलं.

नाल्यापलीकडे, शिव ओलांडून, त्यांनी ती बाई धपकन टाकली. कुणी थुंकलं, कुणी ढेकूळ मारलं. मग सगळे घराकडे वळले.

"पलीकडच्या गावानं काय करायचं, मावशी?" त्यानं विचारलं.

"ते बी आपली मारबत आनून इकडं टाकतेत."

"म्हणजे तुमचं त्यांच्याकडे, त्यांचं तुमच्याकडे. गेलं काय मग?"

"आपल्या घरून तं गेलं ना जी." रत्नाबाई थोडी चालली आणि थांबली. "खरं सांगू का भाऊ, दरसाल मले तिची कीव येते. तिनं कोनाचं काय केलं होतं?"

गवताची कीव. जीवननं मनात कपाळावर हात मारला. सख्ख्या दिराचं तोंड बघायला तयार नाहीत आणि तणसासाठी जीव तुटतो यांचा. या प्राण्यांबद्दल त्याच्या मनात कुठं थोडी चलबिचल असेल तर तीही तिथंच मेली.

दुकानात येऊन त्यानं शटर ओढलं आणि ट्रान्झिस्टर पुढ्यात घेतला.

"निकाल सांगतो. फवारून टाका, एकही ठेवू नका. आपली घाण दुसऱ्याच्या शिवेत लोटायची आणि हात धुऊन जेवायला बसायचं, अशी ही जात. याहून नीच काय असतं? माझं काम झालं. आता गाडी पाठवा."

"ऐकलं."

"नुसतं ऐकलं नको. गाडी कधी ते सांगा. मला घरी यायचंय. फार आठवण येते हो तुमची." शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून कसं निघून गेलं, त्यालाच कळलं नाही.

खरखर थांबली. मग तो आवाज आला, पहिल्यांदाच अवघडलेला, पहिल्यांदाच मऊ.

"गाडी नाही रे बाबा. तुला कुणाला बघायला पाठवलंच नव्हतं. तू जाताना रडू नयेस म्हणून कुणीतरी तुला तसं सांगितलं असेल. तू शिवेपलीकडे गेलास, आणि त्या दिवसापासून आमच्यात एकही भांडण झालेलं नाही."